तळहातावर वितळणारा धातू आणि पुण्यातलं गणित

गॅलियमचा तुकडा तळहातावर धरला तर तो हाताच्या उबेने वितळतो. त्याचा द्रवणांक जेमतेम २९.८ अंश सेल्सिअस. मग त्याच्या १७ अणूंचा इवलासा पुंजका तर त्याहूनही लवकर वितळायला हवा, कारण कण जितका लहान तितके त्याचे जास्त अणू पृष्ठभागावर, आणि तिथल्या अणूला धरून ठेवणारे शेजारी कमी. २००३ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात मार्टिन जॅरॉल्ड यांच्या गटाने मोजलं, तर नेमकं उलट निघालं. ते पुंजके कितीतरी जास्त तापमानालाही घनच राहिले.

असं का, हे पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठातल्या दिलीप कान्हेरे यांच्या गटाने सहकाऱ्यांसह संगणकावर उलगडलं. घन गॅलियममध्ये काही बंध सहसंयुज तर काही धातूचे असतात. पुंजक्यात मात्र सहसंयुज बंधांचाच वरचष्मा, म्हणून ते सहज सुटत नाहीत. संगणकीय मटेरियल सायन्स म्हणजे प्रयोगशाळेला पर्याय, असं अनेकांना वाटतं. इथे प्रयोगाने ‘काय’ ते सांगितलं आणि गणिताने ‘का’ ते.

दुसरा गैरसमज असा, की सगळं संगणकच करतो. संगणकाला द्यायचं ते एवढंच: अणू कोणते आणि ते कुठे बसले आहेत. पुढे क्वांटम यांत्रिकीची समीकरणं. १७ अणूंचे बाहेरचे ५१ इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंतलेले. तो गुंता जसाच्या तसा सोडवणं अशक्यप्राय. वॉल्टर कोन आणि लू शॅम यांनी १९६५ मध्ये वाट काढली ती इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून. त्या कामासाठी कोन या भौतिकशास्त्रज्ञाला १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तरीही अणूंची हालचाल एक-दोन फेम्टोसेकंदांच्या पावलांनीच पुढे सरकते. शंभर पिकोसेकंदांसाठी ५० हजार ते एक लाख पावलं, आणि प्रत्येक तापमानाला पुन्हा पहिल्यापासून. मुळात पुंजक्याची सर्वांत स्थिर रचना कोणती, हे ठरवायलाच चिकाटी लागते. मला या कामाचं मोठेपण तिथेच दिसतं.

‘मूळ तत्त्वांवरून काढलेलं उत्तर म्हणजे अचूक’ हेही खरं नाही. सिलिकॉनचा ऊर्जापट्ट्यांमधला फरक प्रयोगात सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो. नेहमीच्या ढोबळ सूत्रांनी काढला तर साधारण निम्माच. जाणते संशोधक ही मर्यादा लक्षात ठेवूनच निष्कर्ष काढतात.

आणि आता एआय आल्यावर हे सगळं संपलं का? २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने २२ लाख नव्या स्फटिकरचनांचं भाकीत केलं. पण ते मॉडेल शिकलं अशाच गणितांच्या माहितीवर, आणि त्याची भाकितं तपासायलाही हेच गणित लागलं. आणि भाकीत केलेला स्फटिक हाती यायचा, तर तो प्रयोगशाळेत घडवावाच लागतो.

गॅलियमकडे परत येऊ. ३० अणूंचा पुंजका हळूहळू वितळतो. नेमका कधी वितळला ते सांगता येत नाही. एक अणू वाढवा: ३१ अणूंचा पुंजका ठरावीक तापमानाला ठळकपणे वितळतो. २००६ मध्ये पुण्याच्या गटाने कारण दाखवलं. ३१ च्या रचनेत बऱ्याच अणूंवरची पकड सारखी असते, त्यामुळे ते एकदमच सुटतात. ३० मध्ये अणूगणिक पकड वेगळी.