जसलोकपासून आजपर्यंत: मूत्रपिंड वाचवण्याची वाटचाल

नोव्हेंबर १९७५ मध्ये जयप्रकाश नारायण आणीबाणीतील स्थानबद्धतेतून सुटले, ते निकामी मूत्रपिंडे घेऊनच. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत त्यांचे आयुष्य त्या यंत्राशी बांधलेले राहिले. तेव्हा डॉक्टरांच्या हाती यंत्र, पथ्य आणि गरज पडेल तेव्हा रक्ताची बाटली, एवढेच होते. मूळ आजार शमला तरी मूत्रपिंड झिजतच का जाते, याचा उलगडा व्हायचा होता.

१९८२ मध्ये बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर रक्तप्रवाहात शोधले. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. तिथल्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीत रक्त आणणारी आणि नेणारी अशा दोन वाहिन्या गरजेनुसार आवळून-सैलावून आतला दाब सांभाळतात. काही गाळण्या मेल्या की उरलेल्यांवर जादा भार येतो. आणणारी वाहिनी सैलावते, नेणारी अँजिओटेन्सिन या संप्रेरकामुळे आवळते आणि आतला दाब चढतो. निरोगी गाळण्याही मग खराब होऊ लागतात.

१९९० मध्ये वेन बॉर्डर यांच्या गटाने दुसरा धागा पकडला. जखम भरून आणणारा टीजीएफ-बीटा हा वाढ-घटक अति झाला की मूत्रपिंडात व्रण साठतो. तो रोखल्यावर उंदरांतील व्रण कमी झाला. अँजिओटेन्सिन टीजीएफ-बीटाही वाढवते, हे पुढे स्पष्ट झाले. दाब आणि व्रण यांची गाठ इथे उलगडली. अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या औषधांपैकी १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलने, २००१ मध्ये लोसार्टनने मधुमेहींच्या मूत्रपिंडांची घसरण मंदावल्याचे सिद्ध झाले.

मूत्रपिंडे स्वतःही एरिथ्रोपोएटिन हा रक्तपेशी वाढवणारा घटक बनवतात. त्याचे जनुक १९८५ मध्ये हाती आले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. वारंवार रक्त चढवण्यातून असंख्य डायलिसिस रुग्ण सुटले. अलीकडे, २०१९-२० च्या चाचण्यांत कॅनाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन यांनीही आजाराचा वेग रोखला. ही औषधे आणणारी वाहिनी आवळून गाळणीतला दाब उतरवतात.

या साऱ्याचा अर्थ मला एकच दिसतो: उरलेल्या गाळण्यांवरचा भार वेळीच उतरवला पाहिजे. त्यासाठी मोठे रुग्णालय लागत नाही. रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन यांची तपासणी झाशीच्या प्रेम नगरसारख्या वस्तीतही करता येते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने ती दरवर्षी करून घ्यावी.