ओटीपोटाचे दुखणे आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या

पुरुषांची एक तक्रार दवाखान्यात सर्वांत शेवटी आणि हळू आवाजात सांगितली जाते. ओटीपोटात किंवा वृषणांच्या मागे ठणका लागतो, लघवीला वारंवार जावे लागते, फार वेळ बसवत नाही. लाजेपोटी अनेक जण आधी औषधाच्या दुकानात जातात आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनच्या दहा गोळ्या आणतात. बरे वाटले नाही की आणखी दहा! अशा रुग्णांच्या पिशवीत मला तीन-चार चिठ्ठ्या दिसतात, पण लघवीच्या कल्चरचा एकही रिपोर्ट दिसत नाही.

मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तिला जंतुसंसर्ग झाला तर अँटिबायोटिक हवेच. थंडी वाजून ताप, लघवीला आग, लघवी अडकणे ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. परंतु तीन महिन्यांहून अधिक रेंगाळलेल्या दुखण्यात दहापैकी सुमारे नऊ जणांत जंतू सापडतच नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, हुळहुळ्या झालेल्या नसा आणि मनावरचा ताण यांचा त्यात मोठा वाटा असतो. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १९६ पुरुषांची पाहणी झाली. सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊनही औषध नसलेल्या गोळीपेक्षा विशेष फायदा दिसला नाही.

मग काहींना चार दिवस बरे का वाटते? हे दुखणे मुळातच कमी-जास्त होणारे आहे. श्रेय मात्र गोळीला मिळते.

गोळीचे धोके ध्यानात घ्या. मळमळ, जुलाब नेहमीचेच. याशिवाय टाचेमागची जाड शीर सुजू शकते, क्वचित तुटतेही. साठीपुढील व स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांना हा धोका अधिक. हातापायांना मुंग्या व जळजळ सुरू होऊन गोळी थांबवल्यावरही राहू शकते. झोप उडते, मन बेचैन होते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकाएकी उतरू शकते. म्हणूनच युरोपीय औषध संस्थेने २०१८ साली जंतू नसलेल्या प्रोस्टेटच्या दुखण्यात ही औषधे देऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले.

आपल्याकडे आणखी एक बाब महत्त्वाची. याच गटातील लिव्होफ्लॉक्सासिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधे साध्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात उपयोगी पडतात. ती उगाच खाल्ल्याने दबलेल्या क्षयाचे निदान लांबते आणि जंतू निर्ढावतात.

तेव्हा वाचकहो, गोळी सुरू करण्यापूर्वी लघवीची साधी तपासणी व कल्चर करून घ्या. मधुमेह, इतर औषधे, पूर्वीची रिअॅक्शन डॉक्टरांना सांगा. जंतू सापडले तर सांगितलेला कोर्स पूर्ण करा. प्रोस्टेटसाठी तो काही आठवड्यांचाही असतो. मात्र टाच दुखू लागली, मुंग्या आल्या, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

जंतू नसतील तर गरम पाण्याचा शेक, कटिस्नान, मधूनमधून उठून फिरणे, बद्धकोष्ठ टाळणे, फिजिओथेरपिस्टकडून स्नायू सैल करण्याचे व्यायाम शिकणे यांचा उपयोग होतो. आराम सावकाश पडतो, धीर धरावा लागतो. लघवीतून रक्त आले किंवा वजन घटू लागले तर मात्र थांबू नका. डॉक्टरांपुढे लाज बाळगू नये. न सांगितलेल्या दुखण्यावर दुकानातली गोळी हा उपाय नव्हे.