लांकडी नंदी आणि भातुकली

श्रावणी अमावास्येस पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशीं विदर्भांत मुलांचा तान्हा पोळा भरतो. यवतमाळ जिल्ह्यांतील मारेगांव-वणीकडचा मुलूख कापसाचा. तेथें बैलाचें कौतुक मोठ्यांइतकेंच लहानांसही. चाकांचा लांकडी नंदी, पाठीवर झूल, गळ्यांत घुंगरू, आणि दोरी धरून घरोघर बोजारा मागत फिरणारीं बालकें! नागपूरकर भोसल्यांच्या काळीं ही चाल पडली, असें सांगतात. पंधरवड्यानें भाद्रपदी पौर्णिमेस भुलाबाई बसते; मग कोजागिरीपर्यंत मुलींनीं गाणीं म्हणावयाचीं आणि खिरापत ओळखावयास लावावयाची.

दोन्ही सण गोड आहेत. परंतु पूर्वापार वांटणी पाहूं गेल्यास नंदी मुलाचा आणि भुलाबाई मुलीची. आतां मुलीही नंदी घेऊन निघूं लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. घरांत मात्र जुनी वांटणी सण नसतांही वर्षभर चालूं असते. वाढदिवसास मुलाला मोटार, मुलीला भातुकली. मुलानें बाहुली मांडीवर घेतली कीं एखादी आत्या हंसून म्हणते, “अरे, तूं काय मुलगी आहेस?” बोलणारीच्या मनांत कांहींच नसतें; पण ऐकणारा बाहुली खालीं ठेवतो आणि पुन्हां उचलीत नाहीं.

एवढ्याशा गोष्टीचें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. खेळ ही पुढील आयुष्याची तालीम असते, म्हणून बिघडतें. मारेगांवच्या शिवारांत तीच वांटणी मोठेपणीं दिसते. बैल जुंपून वखरणी-डवरणी करावयाची ती पुरुषांनीं; वांकून निंदण काढावयाचें आणि पऱ्हाटीचा कापूस वेंचावयाचा तो बायकांनीं. याच जिल्ह्यांतून गेल्या पंचवीस वर्षांत कर्जापायीं शेतकऱ्यांनीं जीव दिल्याच्या वार्ता वारंवार आल्या. मागें राहिलेल्या कितीतरी स्त्रियांच्या गळ्यांत शेत, बैल, बँक आणि सातबारा हीं सारीं एकाच दिवशीं पडलीं. जिला लहानपणीं खेळांतल्या बैलाचीही दोरी मिळाली नव्हती, तिला खऱ्या बैलांवर पेरणी उरकावी लागली. ती शिकली खरी. पण ऐन संकटांत शिकली. उलटपक्षीं पत्नी दवाखान्यांत असतां मुलांना वरणभात करून घालतां न येणारा विद्वान् गृहस्थ आपल्यासारख्या घरांतही आढळतोच.

हें नवें खूळ आहे, असेंही समजूं नये. १९३७ सालच्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामीं जी नयी तालीम सुरू झाली, तींत मुलें आणि मुली बरोबरीनें सूत कातीत, स्वयंपाक करीत आणि सफाईही करीत. विवाहानंतर कांहीं काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्याबरोबर आणि पुढें बोर्डी येथें मॉन्टेसोरी पद्धतीचें बालशिक्षण आपल्या मातींत रुजविलें. झाडणें, पाणी ओतणें, बटणें लावणें हीं कामें त्या पद्धतींत प्रत्येक मुलास असतात. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत आई-वडील दोघें मिळून भाजी निवडीत असल्याचें चित्र आलें. सहा-सात वर्षांच्या मुलानें शाळेंत तें पहावें आणि घरीं येऊन वडिलांस भाजीला हात न लावतांना पहावें, हें कसें शोभेल?

“मुलगा बायकी होईल,” ही घरांतील वडीलधाऱ्यांची भीति असते. तींत माया आहे, म्हणून तिला उत्तर दिलें पाहिजे. आपल्या देवघरांत आजोबा रोज बाळकृष्णास न्हाऊ घालतात, पुसतात, वस्त्र नेसवितात, नैवेद्य दाखवितात. त्यांस कोणी बायकी म्हणत नाहीं. शेंकडों पानांचा स्वयंपाक सोंवळ्यांत रांधणारे आचारीही पुरुषच. मग नातवानें बाहुलीस न्हाऊ घातलें, भातुकलींत भात शिजविला, तर बिघडलें कोठें?

एकत्र कुटुंबांत हें साधणें सोपेंच आहे, कारण मूल अनेकांचे हात पहात असतें. काकांनीं ताटें घ्यावीं, आत्यानें सायकलीची साखळी बसवावी; लहानग्यांस निराळा उपदेश नको. तान्ह्या पोळ्यास नंदी एकच असेल तर दोरी आळीपाळीनें द्यावी आणि बोजारा सारखा वांटावा. भुलाबाईच्या खिरापतीचे लाडू वळावयास मुलांसही बसवावें. खेळणीं एकाच टोपलींत ठेवावीं. हें दादाचें, हें ताईचें, असें म्हणूं नये. एखादी मुलगी तरीही बाहुलीच घेईल, एखादा मुलगा मोटारच. घेऊं द्यावी; आग्रह दोन्ही बाजूंनीं वाईटच. मुलगा कीं मुलगी, हें पाहून खेळणें देऊं नये. त्या बाळाचा हात कोणीकडे जातो, तें पहावें, आणि तो मागें ओढूं नये.