सातव्या पायरीच्या पुढे

वेस्ट बँकेतल्या हेब्रॉन शहरातल्या माखपेला गुहेवरचा दगडी कोट हेरॉद राजाच्या काळातला. आत अब्राहम, सारा, त्यांचा मुलगा इसहाक आणि नातू याकोब विसावले आहेत, अशी श्रद्धा. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहम तोच मुसलमानांचा इब्राहिम. ही भाऊबंदकी आहे, आणि ती किती जिवावर उठते हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

तेराव्या शतकात मुसलमान मामलुक राज्यकर्त्यांनी ज्यूंना आत यायला बंदी केली. मग सुमारे सातशे वर्षं ते बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीवरूनच प्रार्थना करत राहिले. मान खाली घालायला लावणारा हा नियम सोसूनही गावात शेजारधर्म टिकून होता. तो मोडला १९२९ साली. जेरुसलेममधल्या पश्चिम भिंतीवरून वाद पेटला होता, त्यात ज्यू अल-अक्सा मशीद बळकावणार अशी आवई उठली. २४ ऑगस्टला, ज्यूंच्या शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, हेब्रॉनमध्ये जमावाने ६७ ज्यूंना ठार मारलं. त्याच दिवशी अनेक अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना आपल्या घरात दडवून वाचवलं. वाचलेल्यांना ब्रिटिशांनी शहराबाहेर हलवलं. थोडे परतले, पण १९३६ मध्ये त्यांनाही जावं लागलं.

१९६७ च्या युद्धात शहर इस्रायलच्या हाती गेलं आणि पायरीची अट संपली. सातशे वर्षं दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसाला आत जाताना काय वाटलं असेल, ते मी समजू शकतो. पण पुढच्याच वर्षी ज्यूंच्या वल्हांडण सणासाठी हेब्रॉनच्या हॉटेलात उतरलेला रब्बी मोशे लेव्हिंगर यांचा गट तिथून हलेना. त्या हट्टातून किर्यत अर्बा ही वसाहत उभी राहिली. प्रार्थनेच्या हक्काचा मालकीहक्क झाला तो इथे.

२५ फेब्रुवारी १९९४. रमजानचा शुक्रवार, आणि त्याच दिवशी ज्यूंचा पुरीम सण. याच वास्तूत पहाटेच्या नमाजात माथा टेकलेल्या लोकांवर किर्यत अर्बाच्या डॉक्टर बारूख गोल्डस्टाईनने लष्करी गणवेशात गोळ्या झाडल्या. २९ जण मेले. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांनी त्याचा जाहीर धिक्कार केला, तरी काही वसाहतवाल्यांनी त्याच्या कबरीचं तीर्थ केलं. कबरीभोवतीचं ते बांधकाम १९९९ मध्ये इस्रायली लष्करानेच पाडलं.

त्या हत्याकांडानंतर वास्तूची वाटणी झाली. इसहाकाचं दालन मुसलमानांकडे, याकोबाचं ज्यूंकडे. वर्षातले दहा-दहा दिवस पूर्ण वास्तू एकेका धर्माला मिळेल, असं ठरलं. अब्राहमाची समाधी मधोमध, दोन्हीकडून जाळीच्या खिडकीतून दिसणारी. बाहेर शुहदा रस्त्यावरची पॅलेस्टिनी दुकानं बंद, आणि पॅलेस्टिनींच्या तिथून चालण्यावरही निर्बंध. १९९७ च्या इस्रायल-पॅलेस्टिनी करारात शहराचीच दोन भागांत विभागणी झाली. २०१७ मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला पॅलेस्टाईनचा वारसा म्हणून नोंदलं, तेव्हा इस्रायल खवळलं.

ज्यू १९२९ सांगतात, अरब १९९४ सांगतात, आणि दोघंही खरंच सांगतात. हेब्रॉनविषयी बोलताना कुणी एकच साल सांगितलं, तर त्याला दुसरं जरूर विचारा. १९२९ मध्ये दार उघडणाऱ्या त्या अरब घरांविषयीही विचारा.