छोट्या मोटारींची झिलई

लहान प्रमाणातील मोटारींच्या प्रतिकृती जुळवून रंगविण्याचा छंद आता आपल्याही काही घरांतील मुलांस लागला आहे. वडीलधाऱ्यांस त्यात पैशाचा अपव्यय दिसतो, आणि तो सर्वस्वी खोटा आहे असेही आम्ही म्हणणार नाही. तथापि या छंदातील अ‍ॅक्रिलिक रंगास झिलई आणण्याची क्रिया व्यापारी मनुष्याने समजून घ्यावी अशी आहे. झिलई म्हणजे वरून काही चोपडणे, हा सार्वत्रिक समज येथे टिकत नाही.

पृष्ठभाग सपाट असला की प्रकाश एका दिशेने परततो व वस्तू चकाकते. तो खडबडीत असला की प्रकाश विखुरतो व रंग मंद दिसतो. लहान प्रतिकृतीत हा दोष फार मोठा होतो. २०१४ पर्यंत तयार होत असलेली अ‍ॅम्बॅसडर सुमारे सव्वाचार मीटर लांबीची. तिची २४ पटींनी लहान प्रतिकृती जेमतेम १८ सेंटिमीटर भरते. तिच्या टपावर रंगाचा पाव मिलिमीटर उंचीचा फुगवटा राहिला, तर खऱ्या गाडीवर तो ६ मिलिमीटरांचा झाला असता. अशी गाडी कोणी दारात उभी करील काय?

पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांस चिकटून सलग थर होतो. बोटास रंग अर्ध्या तासात कोरडा लागतो खरा, परंतु आतील ओल निघून थर टणक होण्यास कित्येक दिवस लागतात. हुबळी-धारवाडकडील पावसाळ्यात तर आठवडाही अपुरा पडतो. घाई करणारा मुलगा नेमका येथेच फसतो. त्याच्या हाताखाली रंग घासला न जाता सोलला जातो. अमरगोळच्या बाजार आवाराजवळ राहणाऱ्यांस आणखी एक पथ्य आहे. कापसाचे तंतू व मिरचीची धूळ ओल्या रंगावर बसते. म्हणून रंगविलेली गाडी सुकेपर्यंत डब्याखाली झाकून ठेवावी.

मूळ रंगावर त्याच्याशी जुळणाऱ्या पारदर्शक रोगणाचे तीन-चार पातळ हात द्यावेत. घासावयाचे ते या रोगणास, रंगास नव्हे. विशेषतः चंदेरी झाक असलेल्या रंगात धातूच्या बारीक चकत्या असतात. त्या घासल्या गेल्या की डाग पडतो व तो पुन्हा रंगविल्यावाचून जात नाही.

रोगण पुरते टणक झाल्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. मग ३००० आणि पुढे त्याहून बारीक. प्रत्येक नंबराचे काम मागच्याचे ओरखडे पुसण्यापुरतेच असते. मधला नंबर गाळून वेळ वाचवू पाहणाऱ्यास शेवटी उन्हात ते ओरखडे दिसतातच. दरवाजाच्या कडा व बॉनेटची धार यांवर थर सर्वांत पातळ असतो, म्हणून तेथे कागद लावूच नये. त्यानंतर बारीक रबिंग कंपाउंड, धुवून मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या तुकड्याने. विजेच्या यंत्राचा मोह टाळावा. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ होणारे द्रव्य आहे, वेगाने घासल्यास ते चिकट होऊन ओढले जाते.

येथे आपल्या घरांपुरता एक प्रश्न उपस्थित होतो. जुनी झिलई लाखेची. सुतार फ्रेंच पॉलिश करतो ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. आपल्या राज्यातील चन्नपट्टणची लाकडी खेळणी चरकावर फिरत असता घर्षणाच्या उष्णतेने लाख त्यांवर चढते, आणि वर केवड्याच्या जातीच्या पानाने तकाकी आणतात. ती कारागिरी निःसंशय सुंदर आहे. परंतु लाख हा कीटकांचा स्राव, आणि तो गोळा करताना असंख्य जीव जातात. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे ते याचसाठी. अ‍ॅक्रिलिक राळ ही रसायनशाळेतील वस्तू, तिच्यात कीटक नाही. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. शेवटी लावावयाच्या मेणात मधमाशीचे मेण असू शकते, आणि रंगाचे उत्तम कुंचले अनेकदा प्राण्यांच्या केसांचे असतात. कुंचला नायलॉनचा घ्यावा. मेण हवेच असेल तर कार्नौबा घ्यावे. ते ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवरून निघते, मधमाशीच्या मेणाहून कठीण असते आणि सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. डब्यावर केवळ 'नैसर्गिक मेण' असे छापलेले असल्यास दुकानदारास स्पष्ट विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास डबा परत ठेवावा. कंपाउंडाने नीट काम झाले असेल, तर मेणावाचून काही अडत नाही.

सिलिकोनयुक्त पॉलिश मात्र अगदी अखेरीसच वापरावे. त्याचा अंश राहिलेल्या जागी नवा रंग बसत नाही, त्यास गोल खळगे पडतात.