एसीच्या जाळीची तुटलेली पाती

मे महिना. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ, नागपूर-छिंदवाडा रस्त्याच्या कडेला गाडी दिवसभर उन्हात उभी होती. संध्याकाळी एसीची हवा तोंडावर यावी म्हणून जाळीची पाती जरा वर केली, तर टक्‌कन आवाज झाला आणि पाती हातातच आली. वीस वर्षांची गाडी! घरी येऊन तुटलेली कड भिंगाखाली धरली. वरचा पापुद्रा पिवळट, नखाने खरवडला तर भुगा होणारा. आत मात्र मूळचा राखाडी रंग, तुकतुकीत. प्लास्टिकचं म्हातारपण आधी कातडीवर येतं, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

पातीच्या मागे बारीक अक्षरं होती: एबीएस. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन, स्टायरिन. यातल्या ब्युटाडाइनपासून रबर बनतं. कडक प्लास्टिकात त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण विखुरलेले असतात. धक्का बसला की चीर त्यांच्यापाशी येऊन अडते. आणि ऊन, उष्णता, ऑक्सिजन हे तिघे मिळून तुटून पडतात ते नेमके या रबरावरच. ॲरिझोनातल्या २०१८ सालच्या एका अभ्यासात उन्हात ठेवलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड तासाभरात सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापले होते. आपल्या मे महिन्यात गाडीला हात लावणाऱ्याला हा आकडा वेगळा सांगायला नको. असे वीस उन्हाळे सोसल्यावर वरच्या थरातलं रबर ताठरतं, तिथे चीर पडते आणि आत धावते.

आता जोडायचं कसं? इथे मला आपलं संत्रं आठवतं. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या कुठल्याही पोराला हंगामात करून पाहता येईल: संत्र्याची साल थर्माकोलवर पिळा. थेंब पडेल तिथे खड्डा पडतो. सालीतलं लिमोनीन थर्माकोलला विरघळवतं. एबीएसच्या बाबतीत हेच काम ॲसिटोन करतं.

मग भंगारातून एबीएसचाच एक तुकडा आणला, त्याचा कीस काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाकला. सकाळी काकवीसारखी दाट खळ तयार! पातीच्या दोन्ही कडांचा पिवळा पापुद्रा पॉलिशपेपरने घासून काढला, कारण मेलेल्या कातडीवर सांधा धरत नाही. मागून खळ भरली आणि दोन दिवस हात लावला नाही. ॲसिटोन उडून जातं. त्याने सैल केलेल्या लांबलचक साखळ्या दोन्ही बाजूंनी एकमेकींत गुंततात आणि तशाच घट्ट होतात. मधे परका डिंक नाहीच. पाती आपल्याच द्रव्याने सांधली जाते. (ॲसिटोन चटकन पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा, विस्तव लांब.)

पातीच्या मागे ‘पीपी’ लिहिलेलं असेल, तर हा उपाय चालत नाही. पॉलीप्रॉपिलीन ॲसिटोनला दाद देत नाही, साधा गोंदही धरत नाही. ते पाण्यावर तरंगतं आणि एबीएस बुडतं, ही सोपी ओळख. त्याला सोल्डरिंगच्या गरम टोकाने स्टीलची बारीक जाळी आत रुतवून शिवावं लागतं.

क्षणात चिकटणाऱ्या गोंदावर चिमूटभर खायचा सोडा टाकायची मेकॅनिक लोकांची युक्तीही खरी आहे. सोडा अल्कधर्मी, त्यामुळे गोंदाचे रेणू एकदम एकमेकांना धरतात. वाफ निघते, दगड होतो. रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांना या गोंदाचं रसायन १९४२ मध्ये बंदुकीचा नेम धरण्याच्या साधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडलं, आणि फार चिकटतं म्हणून तेव्हा बाजूला पडलं! पण तो दगड लवत नाही. पातीला लवावं लागतं.

तिसऱ्या दिवशी पाती जाळीत बसवली आणि एका बोटाने वर केली. हवा थेट तोंडावर आली.