माळवद राखायचं कोणी?

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८च्या रामनवमीला इथे सूर्याजीपंत आणि राणूबाई ठोसर यांच्या पोटी नारायण जन्मला. हाच पुढे समर्थ रामदास झाला. चरित्रकथांमुळे ठोसरांचं घर मराठी माणसाला न पाहताही ठाऊक असतं. अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत लपून चिंतन करणारं पोर याच घरातलं. दोन तपांनी दारात उभ्या राहिलेल्या गोसाव्याला आवाजावरून ओळखणारी, दृष्टी गेलेली आईही इथलीच.

आज त्या जागी माणसं येतात ती देवळाच्या दर्शनाला. सतराव्या शतकातलं घर राहिलं नाही, पण घराण्याचं देवघर राहिलं. ऑगस्ट २०२२मध्ये तिथल्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी त्या शोधून आणल्या. समर्थ संप्रदायाच्या बाडांनाही धुळ्यात नानासाहेब देवांसारखा राखणदार मिळाला. देव राखले गेले, पोथ्या राखल्या गेल्या. भिंतींना मात्र वाली नव्हता.

या मुलखातलं जुनं घर माळवदाचं. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडं, फळ्या किंवा काटक्या, मग पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. शेतातली काळी माती पावसाने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून ती छपराला चालत नाही. माळवदाला लागते जुन्या गावठाणातली पांढरी. ढेलज, ओसरी, माजघर, धान्याचं बळद अशी आत शिरत जाणारी ही रचना उन्हाळ्यात थंड राहते. मात्र दरसाल मृगाआधी वर चढून भेगा बुजवायच्या, माती पसरायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. एक उन्हाळा चुकला की पाणी तुळईत मुरतं.

जुनी घरं राखता येतात, हे जपानमध्ये दिसतं. तिथल्या ताकायामा शहरात कुसाकाबे या व्यापारी घराण्याचं घर आहे. १८७५च्या आगीनंतर १८७९मध्ये ते पुन्हा बांधलं गेलं आणि १९६६मध्ये सरकारने त्याला महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती ठरवलं. पाहुणे पादत्राणं काढून आत जातात आणि चुलाण्यावरच्या उंच तुळया बघतात. जवळच्या शिराकावा-गो गावाला १९९५मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथली गवती छपरं शाकारायला पूर्वापार सारं गाव एकमेकांच्या घरी राबत आलं. म्हणजे तिथे घराबरोबर घर राखण्याचं कामही जपलं गेलं.

आपल्याकडे ते काम सुटलं, त्यामागे आळसाखेरीज भीतीही आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि जवळपास ८ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती फुटल्या आणि माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली. खरी मेख इथेच होती. दरसाल नवी माती चढत गेली, जुनी कोणी उतरवली नाही. ज्या कष्टाने छप्पर टिकवलं त्यानेच ते जड केलं. त्यानंतर मराठवाड्यात माळवद म्हणजे धोका, असं समीकरण बनलं आणि पत्रा व स्लॅब आले.

अभियंत्यांनी तेव्हाच उपाय सांगितले होते: जादा माती उतरवा, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवा, खांब-तुळयांचे सांधे तिरप्या आधारांनी जखडा. हे गवंडी-सुतारांच्या आवाक्यातलं काम आहे. म्हणून जालना जिल्ह्यात एखादं माळवदाचं घर जपायचं ठरलं, तर नुसतं कुलूप लावून फलक ठोकणं व्यर्थ आहे. ते या रीतीने मजबूत करावं, तिथे कुटुंबाला राहू द्यावं आणि दर उन्हाळ्यात माती चढवण्या-उतरवण्याचं काम तरुण गवंड्यांना रोख मजुरी देऊन शिकवावं. जांबच्या देवघराला नित्यपूजेचा नेम होता, म्हणून ते टिकलं. माळवदालाही वर्षाचा नेम आणि तो पाळणाऱ्याची मजुरी, दोन्ही लागतील.